आता तिथं काहीच नाही

"आमच्या हिच्याकडं बघा की काकी! ठणठणीत हाय. खडा काढला, विषय संपला," असं अमरसिंह हॉलमधून फोनवर ओरडून सांगत होता, आणि ती ठणठणीत बाई आत स्वयंपाकघरात ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून, श्वास अर्ध्यावर अडवून उभी होती. ओरडत होता म्हणजे रागावला होता असं नव्हे. फोन लांबचा असला की आवाजही लांबवर पोचवावा लागतो अशी कोल्हापुरात बऱ्याच जणांची समजूत आहे, आणि हा फोन मलकापूरहून आला होता. वर्षाराणीनं सकाळपासून बिनदुधाचा चहा आणि अर्धी चपाती एवढंच खाल्लं होतं. तरीही कळ आली. उजव्या बरगडीखालून निघाली, ओला टॉवेल पिळावा तसं आतलं काहीतरी पिळत पाठीकडे गेली आणि तिथंच बसली. दुखण्याचं तिला नवल नव्हतं, ते आता घरातलंच झालं होतं. नवल वाटलं ते त्या शब्दाचं. ठणठणीत. अशी कुणी बाई या घरात राहते आणि आपली तिची कधी गाठ पडली नाही, असं तिला क्षणभर खरंच वाटलं. ती बाई सकाळी काय खात असेल? साजूक तुपातला शिरा खात असेल, मिसळीवरचा कट ओरपत असेल, आणि मग बाहेर पडताना पोटावर हात न ठेवता सरळ चालत जिना उतरत असेल. वर्षाराणीला तिचा हेवा वाटला.

फोन होता तानाबाई काकींचा, म्हणजे अमरसिंहाच्या चुलतीचा. त्यांची सून स्वप्नाली हिच्या पित्ताशयात खडे झाले होते. दोनदा सलाईन लावून झाली होती, गेल्या महिन्यात तर तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि पोरगी नाही म्हणून बसली. तेव्हा अमरसिंहानं तोडगा काढला, "तिला हिकडं घेऊन या. वर्षाशी बोलू दे. वर्षाचं बघितलं की आपोआप तयार हुईल." हा तोडगा काही नवा नव्हता. दीड वर्षात वर्षाराणी नात्यागोत्यातली ऑपरेशनबाई झाली होती. बाळासो मामांची सून तिच्याकडे येऊन धीर घेऊन गेली. कागलच्या एमआयडीसीतल्या अमरसिंहाच्या साहेबांची आई येऊन गेली. वर्षाराणी सगळ्यांना सांगायची की घाबरायचं काही नाही, चार बारीक भोकं पाडतात, तिसऱ्या दिवशी माणूस चालत घरी येतं, टाके दिसतसुद्धा नाहीत. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. आजार हत्तीच्या पायानं येतो आणि मुंगीच्या पायानं जातो म्हणतात. तिचा हत्ती ऑपरेशनच्या टेबलावर गेला, याबद्दल वादच नाही. ती मुंगी मात्र बाहेर पडायची वाट विसरून आतल्या आतच फिरत राहिली होती, आणि मुंगीची तक्रार कोण ऐकून घेतो?

हॉलमधल्या शोकेसमध्ये ती बाटली होती. अंबाबाईचा फोटो, अमरसिंहाच्या तालमीच्या फुटबॉल संघाची ढाल, पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाचा, राजवीरचा, दहावीच्या सत्काराचा फोटो, आणि त्या रांगेत पांढऱ्या झाकणाची ती प्लास्टिकची बाटली. आत काळपट हिरवे खडे. बहुतेक मुगाएवढे, एक चांगला हरभऱ्याएवढा. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी ती नातेवाइकांच्या हातात दिली, तशी सगळ्यांच्याच हातात देतात. पण अमरसिंहानं ती ढालीशेजारी ठेवली. आला-गेला कुणीही असो, चहा व्हायच्या आधी बाटली बाहेर निघायची. तो ती कानाशी खुळखुळवून दाखवायचा आणि म्हणायचा, "हे बघा पावणं, एवढं घिऊन फिरत हुती." पाहुणे च्यक च्यक करायचे, मग वर्षाराणीकडे बघायचे. त्या बघण्यात कौतुक असायचं, आणि आता हिचं दुखणं संपलं असा शिक्काही असायचा. त्यानंतर तिनं दुखतंय म्हणायचं तर कुठल्या तोंडानं? दुखणं तर समोर बाटलीत होतं, झाकण लावून ठेवलेलं.

सुरुवातीला तिनं सांगून बघितलं होतं. तीन महिने झाले, तरी जेवल्यावर पोट फुगतंय, कळ येतेय, आणि खाल्लं की पळत संडास गाठावा लागतोय. पुन्हा सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून, मोठ्या मायेनं सांगितलं, "मॅडम, आता तिथं काहीच नाही. दुखणार काय?" ते वाक्य अमरसिंहाला इतकं आवडलं की त्यानं ते पाठच केलं. दुसऱ्या एका तरुण डॉक्टरनं मात्र सांगितलं होतं की काही जणांना असं होतं, बरेच दिवस राहू शकतं, थोडंथोडं खात जा, तेलकट टाळा, औषध देतो, बघू. त्या 'बघू'ला अमरसिंहाच्या हिशेबी काही अर्थ नव्हता. तो फौंड्रीत मेन्टेनन्सला होता. मशीन थांबलं की बिघडलेला पार्ट शोधायचा, काढायचा, बटण दाबायचं. काढून टाकलेला पार्ट बंद कपाटातून मशीनला त्रास देतोय असं त्यानं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि घरात तर सगळ्यांचंच पक्कं होतं की पित्ताची पिशवीच काढली, आता हिला पित्त कसलं! सासूबाई, ज्यांना सगळे आक्का म्हणत, त्या शेजारणींना कौतुकानं सांगत, "आमच्या वर्षाला आता जन्मात पित्त न्हाय." शेजारणींना तिचा हेवा वाटायचा.

अमरसिंहाला दोष द्यावा असंही तिला वाटत नसे. ऑपरेशनच्या दिवशी हा एवढा थोरला माणूस दवाखान्याच्या जिन्यावर बसून लहान पोरासारखा रडला होता, हे तिला आक्कांनी सांगितलं होतं. तो जोतिबाला नवस बोलला होता, अनवाणी डोंगर चढून त्यानं तो फेडला होता. फेडलेल्या नवसाचं दुखणं परत आलं म्हणायचं म्हणजे देवालाही खोटं पाडल्यासारखं. रोज कामावरून आल्यावर तो बूट काढता काढता विचारायचा, "बरं हाय न्हवं?" त्या प्रश्नात उत्तर आधीच घालून ठेवलेलं असायचं. ती फक्त ते उचलून परत द्यायची. "बरं आहे."

शाळेत निभावून न्यायची तिची वेगळी रीत होती. ती मुलींच्या हायस्कुलात भूगोल शिकवायची. तासाला कळ आली की वर्गाकडे पाठ करायची आणि खडू घेऊन नकाशा काढायला लागायची. उत्तरेकडून सुरुवात, मग घाट, मग नद्या, एकेक वळण सावकाश. कृष्णेला पंचगंगा मिळेपर्यंत बहुधा कळ ओसरलेली असे. जास्तच असेल तर ती कर्नाटकात शिरायची. मुलींना वाटायचं मॅडमना नकाशांचा फार नाद आहे. मुख्याध्यापिकांनी तर स्नेहसंमेलनात तिच्या फळ्यावरच्या नकाशांचं कौतुक केलं आणि टाळ्या वाजल्या, तेव्हा तिला हसावं की रडावं कळेना. पन्हाळ्याच्या सहलीला ती दिवसभर उपाशी राहिली, कारण गडावर स्वच्छतागृह कुठं कुठं आहे याचा नकाशा तिच्याकडे नव्हता. आणि अशा वेळी, पाठमोरी उभी असताना, तिला हटकून आई आठवायची. शाहूवाडीकडच्या डोंगरातलं माहेर, भाताची खाचरं. रोपलावणीच्या दिवसांत चिमणाबाई, म्हणजे तिची आई, दुपारी घरी आली की अंगणातल्या उन्हानं तापलेल्या धुण्याच्या दगडावर पालथी पडून राहायची. पोट दगडाला, गाल हाताला. लहानगी वर्षा विचारायची, "आई, काय करतीस?" आई डोळे न उघडता म्हणायची, "ऊन खातोय." कित्येक वर्षं वर्षाला वाटत होतं की आईला ऊन फार आवडतं. आई गेल्यावर भावकीतल्या बायकांनाही तिनं तसंच सांगितलं होतं. आत्ता, चाळिशी उलटून गेल्यावर, ओट्याची कड धरून उभं राहताना तिला कळलं की कुणालाही एवढं ऊन आवडत नसतं.

त्या रविवारी अमरसिंह पाहुण्यांना स्टँडवरून घेऊन आला तेव्हा घरभर मटणाचा वास दरवळला होता. पाहुणे येणार आणि कोल्हापुरात रस्सा होणार नाही, हे पंचांगात बसत नाही. आक्कांनी पहाटेच मसाला वाटून घेतला होता. तानाबाई आल्या आल्या सोफ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "मी तर दमलो बाई हिला सांगून. तूच सांग आता. वाघीण हाईस तू." त्यांच्या मागं स्वप्नाली उभी होती. तिशीच्या आतली, रंग उडाल्यासारखी, अंगापेक्षा ड्रेस मोठा झालेला. तिनं वाकून नमस्कार केला आणि वाकताना मध्येच क्षणभर थांबली. ते थांबणं बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. बाटली निघाली, खुळखुळली. कुणी आपल्याच घराचा फोटो दुसऱ्याच्या भिंतीवर बघावा, तशी स्वप्नाली त्या खड्यांकडे बघत राहिली.

वाढायच्या आधी अमरसिंह स्वयंपाकघरात आला आणि आवाज खाली आणून, म्हणजे त्याच्या मानानं खाली आणून म्हणाला, "वर्षा, एक काम कर. तिच्यासमोर एक वाटी पांढरा रस्सा पी. एकच. नुसतं सांगून भागायचं न्हाय, तिला दिसाय पायजे."

"अहो, मला नाही सोसत..."

"एका वाटीनं काय हुतंय? पिशवीच न्हाय तुला, पित्त येणार कुठनं? अगं, पोरीच्या जिवाचा प्रश्न हाय. डागदर म्हणालाय, एखादा खडा नळीत सरकला तर अवघड हाय. दोन वर्साचं लेकरू हाय तिला." त्याच्या डोळ्यांत खरीखुरी काळजी होती. तो काही तिला छळत नव्हता. त्याच्या लेखी तो एका घाबरलेल्या पोरीला पूल दाखवत होता आणि बायकोला म्हणत होता, तू एकदा चालून दाखव.

ती पाटावर बसली. समोर वाटी आली. नारळाच्या दुधाची, वेलदोड्याची वाफ नाकात गेली आणि तिला लग्नानंतरचं या घरातलं पहिलं जेवण आठवलं. नवी नवरी लाजून घासभर खाईल असं सगळ्यांना वाटत असताना ती तीन वाट्या प्यायली होती आणि सासरे खदखदून म्हणाले होते, "सूनबाई आपलीच हाय!" त्या वाक्यावर ती या घरची झाली. आता रस्सा नको म्हणणं म्हणजे त्या दिवसातून स्वतःचं नाव खोडण्यासारखं होतं. समोर स्वप्नालीच्या ताटात नुसता वरणभात होता, तोही चिवडलेला. ती वर्षाराणीच्या वाटीकडे एकटक बघत होती. न प्यावं, तर पोरगी उठून मलकापूरची गाडी धरेल आणि पिवळे डोळे घेऊन बसेल. प्यावं, तर ती हसत टेबलावर जाईल, आणि उद्या तिलाही दुखलं तर? तर तिलाही सगळे म्हणतील की वर्षाताईला बघ, काय होतंय तुलाच? तिच्या दुखण्यावर माझीच वाटी झाकण म्हणून बसेल. हा विचार मनात पुरता उमटायच्या आत तिनं वाटी तोंडाला लावली होती. आणि रस्सा झकास झाला होता, हा त्यातला सगळ्यात मोठा अन्याय.

"बघा! प्याली का न्हाई?" अमरसिंहानं मांडीवर थाप मारली. तानाबाईंनी हात जोडले. स्वप्नाली पहिल्यांदाच हसली, अगदी थोडीशी, आणि म्हणाली, "बरं. मग करतो."

जेवणं उरकून आक्का आणि तानाबाई पानसुपारीला बसल्या, तोवर वर्षाराणी मागच्या गॅलरीत पोचली होती. तिथं वॉशिंग मशीन होतं आणि ते चालू होतं, त्यामुळं आवाज ऐकू जात नसे. ही जागा तिनं विचार करून निवडलेली होती. कळ आली ती नेहमीची नव्हती. तिनं डाव्या हातानं कड धरून मशीनच्या थरथरत्या झाकणावर छाती टेकली, उजव्या हाताचा अंगठा बरगडीखाली खोल दाबला, आणि मनातल्या मनात उत्तरेकडून सुरुवात केली. सातपुडा. तापी. घाट उतरेना. खाली दोन इमारतींच्या मधल्या गोठ्यात एक म्हैस निवांत रवंथ करत होती. तिला त्या म्हशीचाही हेवा वाटला, इतकं खाऊन ते पुन्हा चावायचं आणि पुन्हा गिळायचं, आणि कुठंच दुखायचं नाही. डोळ्यांतून पाणी आपोआप गळत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"ताई?"

खरकटी ताटं घेऊन स्वप्नाली दारात उभी होती. वर्षाराणी सरळ व्हायला गेली, ते जमलं नाही. "काही नाही गं," ती म्हणाली, "जरा वारा खातोय."

शब्द तोंडातून गेले आणि तिला ते आईच्या आवाजात ऐकू आले. तोच सूर, तसेच मिटलेले डोळे. अंगणातला तो दगड, त्यावर पालथी पडलेली आई, आणि शेजारी उभी राहून तिच्यावर विश्वास ठेवणारी एक मुलगी.

स्वप्नालीनं ताटं खाली ठेवली. "तुमचा अंगठा," ती हळूच म्हणाली. "मी बी तिथंच दाबतो."

दीड वर्षात कुणाला दिसला नव्हता तो अंगठा. आक्कांना नाही, नवऱ्याला नाही, सोनोग्राफीच्या पडद्याला तर नाहीच. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय! वर्षाराणी मशीनला पाठ टेकून खाली लादीवर बसली. आता खोटं बोलायचं तिच्यात त्राण नव्हतं. त्याहून खरं म्हणजे, तशी इच्छाही उरली नव्हती.

"दुखतंय," ती म्हणाली. "रोज दुखतंय. कवा थोडं, कवा असं."

"खडे काढून बी?"

"व्हय."

स्वप्नालीचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. "मग मी न्हाय करायची. आत जाऊन सांगतो तसं." ती वळली. वर्षाराणीनं बसल्या बसल्या तिचं मनगट पकडलं, वर्गात भिऊन पळणाऱ्या मुलीचं पकडावं तसं, पण जरा जास्तच घट्ट.

"थांब. आधी ऐक. डोळं पिवळं झालतं का न्हाई तुझं?"

"झालतं."

"मग तुला करायलाच पायजे. त्यात दोन मतं न्हाईत. ऑपरेशनच्या आधी मी न्हाणीघरात फरशीवर लोळत हुतो. वाटायचं, आता मरतोय. तसली कळ परत एकदा बी आली न्हाय. ती गेलीच. हे निराळं हाय. हे बघ, धरण काढलं म्हणून पाऊस थांबत न्हाय. पित्त व्हायचं ते हुतंच, साठवायला जागा न्हाय म्हणून वाट फुटंल तसं येतंय. बहुतेकींना काई जाणवत सुदिक न्हाय. बाळासो मामांच्या सुनंला मी मुद्दाम विचारलंय, तिला काई न्हाय. मला हाय. तुला हुईल का न्हाई, मला म्हाईत न्हाय." एवढं बोलून ती थांबली, कारण कळ अजून होती. "पण झालंच, तर मला फोन कर. खडा काढलाय, आता काय दुखतंय, असं मी म्हणणार न्हाय."

मशीन थांबलं. अचानक इतकं शांत झालं की हॉलमधल्या अडकित्त्याचा आवाज आला. स्वप्नाली तिच्याजवळ उकिडवी बसली. मग तिनं आपल्या ओढणीच्या टोकानं वर्षाराणीचे डोळे पुसले आणि विचारलं, "आणि तुमी कुणाला करता फोन?"

वर्षाराणीला नुसतं वाटलं की ही पोरगी आपल्याला फार आवडली आहे, आणि हिला काही झालं तर आपल्याला सोसणार नाही.

स्वप्नाली उठली, ताटं मोरीत ठेवली, आणि हॉलमध्ये गेली. वर्षाराणी भिंतीचा आधार घेत तिच्यामागून दारापर्यंत आली. अमरसिंह सोफ्यावर पाय सोडून बसला होता, हातात बाटली होती, आणि तानाबाईंना हरभऱ्याएवढ्या खड्याची हकीकत सांगत होता.

"काय ठरलं?" त्यानं विचारलं.

"करतो भावजी," स्वप्नाली म्हणाली.

"बघा काकी! मी म्हटलं न्हवतं? सांगितलं का न्हाई ताईनं, आता काय दुखत न्हाय म्हणून?"

"न्हाय," स्वप्नाली म्हणाली. "दुखतंय म्हणून सांगितलंय. रोज दुखतंय. तरी कर म्हणून सांगितलंय. म्हणून करतो."

बाटलीचं खुळखुळणं थांबलं. आक्कांच्या हातातली सुपारी हातातच राहिली. "रोज?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर जेवणाच्या जागेकडे, त्या रिकाम्या वाटीकडे गेली. अमरसिंहानं दाराकडे मान वळवली. तिथं त्याची बायको उभी होती, भिंतीला टेकून, ओल्या डोळ्यांची, अंगठा बरगडीखाली. बहुधा तो हात त्यानं आजवर हजार वेळा पाहिला असेल आणि तिची उभं राहायची लकबच समजला असेल. आता तो डॉक्टरांचं वाक्य म्हणेल, असं तिला वाटलं. ते ऐकायची तिनं तयारी केली, अंग आकसून घेतलं. त्याचे ओठ हललेही. पण वाक्य आलं नाही. त्यानं बाटलीकडे पाहिलं, ती शोकेसमध्ये ठेवायला हात उचलला, मग खाली आणून सोफ्याच्या मागं, कुणाला दिसणार नाही अशी ठेवली. तो उठला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. बरं हाय न्हवं, असं त्यानं या वेळी विचारलं नाही.

"कुठं?" तो म्हणाला. खरोखर हळू आवाजात.

इतक्या दिवसांत घरात हे कुणी विचारलंच नव्हतं. मग तिनं त्याचा हात धरला, स्वतःचा अंगठा बाजूला घेतला आणि त्या जागी त्याचा तळवा ठेवला.

"हितं," ती म्हणाली.